आईनं साफ केलेले दगड

३ डिसेंबर २०२४

निकाल आला. मी आणलेल्या दगडात काईच नाई! स्ट्राँशियम नाई, बेरियम नाई, रेअर अर्थ त नावाले. नागपूरहून गाईड सरांचा फोन – "संघमित्रा, साधा संगमरवर दिसतो हा."

दोन वर्षं सांगत फिरली का तिरोडीजवळचा तो पांढरा पट्टा संगमरवर नाई, कार्बोनेटाइट आहे. ॲसिड टाकलं का दोघंही फसफसतात, दिसतात जुळ्या भावांसारखे. पण संगमरवर म्हणजे जुन्या समुद्राचा चुना, दाबून भाजलेला. कार्बोनेटाइट खोलातून वितळून वर येतो, अन् येताना ही सारी मूलद्रव्यं संगं आणतो. अख्खी पीएचडी यावरच उभी आहे. जेवली नाई.

४ डिसेंबर

उरलेल्या नमुन्यांच्या पिशव्या उघडल्या. तुकडे इतके गोरे काहून? आणले तवा तपकिरी ठिपके होते, मले पक्कं आठवते.

आईले विचारलं. ती खुशीत म्हणे, "हौ, लॅबले धाडाच्या आधी मीच साफ केले. तू लिहीत बसली होती, म्हटलं तेवढाच हातभार."

आईनं सव्वीस वर्षं खाणीत हातोडीनं मँगनीज निवडलं. काळं ठेवाचं, पांढरं फेकाचं. "इथं तुले पांढरं पायजे होतं न व, मंग काळं काळं हातोडीनं फोडून काढलं."

एकेक ठिपका काढला! रेअर अर्थ असलं त त्या ठिपक्यांतच असते. मी लय बोलली. माया दोन वर्षांची माती केली तू, असंही बोलली. ती भांडे घासाले बसली.

६ डिसेंबर

आई विहारात एकटीच गेली. दरसाल दोघी जातो.

१५ डिसेंबर

आईले घेऊन तिरोडीले गेलती. म्हटलं, नवे नमुने आणू, डोळ्यासमोर बांधू. पट्टा कुठं पातळ होते, कुठं मातीखाली जाते, ते तिनंच दाखवलं. नजर अजून तेज आहे. पण हातोडी पुढं केली त मागं सरली. "नाई बाई, तूच फोड. माया हातानं पुन्हा काई बिघडाचं."

बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसली, हात पदरात गुंडाळलेले. माफी मागाची होती. कटंगी गेली, बालाघाट आलं, तशीच उतरली मी. मी लय वाईट आहे.

२ जानेवारी २०२५

आई आजकाल माया टेबलाजवळ येतच नाई. चहा दारातून देते.

२१ जानेवारी

नव्या नमुन्यांचा निकाल आला. ठिपक्यांसकट. ठिपके म्हणजे साधं अभ्रक. दगड संगमरवरच, आधीही होता. आईनं काईच बिघडवलं नव्हतं, दोन वर्षं मीच चुकली.

स्वयंपाकघरात जाऊन सांगतलं. "आई, तुयी काईच चूक नव्हती." पाय धरले. वाटलं, आता हसन.

ती रडाले लागली. म्हणे, "असती त बरं झालं असतं व बाई. तुये दोन वर्षं त वाचले असते."