मोकळ्या कानांचा हेडफोन

स्वी लियान,

पोहताना लावायचा नवा हेडफोन टेबलावर ठेवलाय. पाण्यात ब्लूटूथ चालत नाही, म्हणून गाणी पोटात साठवणारा निवडला. नमुन्याला तुझा जुना नेला होता. दुकानदार म्हणाला, "अंकल, दोन्ही गालाच्या हाडातूनच आवाज पोचवतात. कान मोकळे राहतात, शेजारचं सगळं ऐकू येतं."

सगळं?

जेवताना मी मगरीला पोहण्यात हरवल्याची गोष्ट काढली, की तू हेडफोनकडे बोट दाखवायचीस. "ऐकू येत नाही, आ-कोंग!" घरात थापाड्या मी एकटाच, असं समजत होतो.

मी ताइपिंगला बहिणीकडे राहायला चाललोय. भात कुकरमध्ये आहे. आपल्या रीतीप्रमाणे घास घेण्याआधी "आ-कोंग, जेवा" म्हणायला तू वर्षभर विसरलीस. आजपासून विसरायचेही कष्ट नकोत.

तुझा आजोबा