सासऱ्याच्या शेताखाली

प्रिय मार्लेन,

आधी टपकली ती शेजारची त्रुदा. आमच्या दारात परकी गाडी दिसली की तिच्या घरातली साखर संपते. तिच्या मागोमाग ते दोघे, विद्यापीठातली एक बाई आणि एक दाढीवाला, टेपरेकॉर्डर घेऊन. जुन्या खाणवाल्यांचे शब्द गोळा करतात म्हणे. मी सकाळीच भट्टीत भाजलेला जर्दाळूचा गोड फ्लाय कापला. त्रुदाने दोन तुकडे खाल्ले आणि साखर विसरून गेली.

तुझे आजोबा खिडकीशी, तोंड फिरवून. खाण बंद झाल्यापासून तिच्याबद्दल अवाक्षर नाही, तुला ठाऊकच आहे. “हिला विचारा, ही आम्हा दोघांच्या वाटचं बोलते,” म्हणाले. मग मीच त्या पाहुण्यांना विचारलं, की खाणकामाला आपण ‘मैनबाउ’ का म्हणतो? दाढीवाला खुलला. म्हणाला, “आजी, तो ‘बाउ’ शेतीतलाच. बाउ म्हणजे कसणं. सीमेपलीकडचे जर्मन ‘डोंगर कसणं’ म्हणायचे. आपण त्या शब्दातला ‘डोंगर’ काढून ‘मैन’, म्हणजे खाण, घातली, इतकंच.”

आजोबांनी आमच्याकडे मान वळवली. माझे वडील शेतकरी हे तुला माहीत आहे, पण त्यांनी या जावयाला कधी आपल्या टेबलाशी बसवलं नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. “हा उपसून खातो, कसून नाही,” असं चारचौघांत म्हणायचे. आजोबा अंगणात उभ्याउभ्या कॉफी प्यायचे. तर आता म्हणतात कसे, “म्हणजे म्हातारा आणि मी एकाच धंद्यातले. आणि हे तुम्ही आज सांगताय होय?” इतके हसले की खोकला लागला. खोकला थांबला तसे बोलायलाच लागले गं. कोळसा काढलेल्या पोकळीत दगड कसे रचायचे, वरची जमीन खचू नये म्हणून. आणि एक वर्ष ती वरची जमीन माझ्या वडिलांची होती. इतक्या वर्षांत मलासुद्धा बोलले नव्हते. तिथेच धाप लागली आणि बोलणं अर्धं राहिलं.

डॉक्टर म्हणतात, धुळीने भरलेली ही छाती हिवाळा काढेल असं वाटत नाही. काल रात्री जेवताना आजोबा म्हणाले, “उरलेलं मार्लेनला सांगेन. टेपने हवं तर ऐकावं.” म्हणून हे पत्र. परीक्षाबिरीक्षा असेल तर तुझ्या शिक्षकांना सांग, आजोबांनी बोलावलंय. तुझी खोली झाडून ठेवली आहे. ते दोघे मंगळवारी, आपल्या खाणवाल्यांच्या संत बार्बराच्या दिवशी, परत येणार आहेत.

तुझीच,
आजी