चालू राहिलेला फ्रिज

प्रिय मीटरवाल्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी आणि एक अर्ज. आपल्या दोघांच्या नावावर जो आरोग्य विमा आहे, त्यातून तुझं नाव काढून टाकायचं. हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, तो मोठा माणूस तू, तेव्हा तुझं नाव गेलं की हप्ता जवळजवळ निम्म्यावर येईल, मग फुकटचा खर्च कशाला, असं तू लिहिलंयस. अर्जावर तुझी सही आधीच आहे आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. शनिवारी विम्याची मुदत संपते, त्याआधी उरकून टाक, असंही बजावलंयस. ना ख्यालीखुशाली, ना खाली नाव. अरे, विजेच्या बिलावरसुद्धा निदान धन्यवाद तरी छापलेलं असतं.

मला लागलं ते. आपण वेगळे राहायला लागलो त्याला बरीच वर्षं झाली. कोर्टाची पायरी कधी चढलो नाही, कारण वकिलाची फी द्यायची तुझी तयारी नव्हती आणि मला त्याची गरज वाटली नाही. भांडी वाटली, कपाटं वाटली, लेकीच्या फोनचे वारसुद्धा वाटून घेतले. हा विमा तेवढा जोडीचा राहिला, कारण दोन वेगळे घेण्यापेक्षा एक स्वस्त पडतो हे तेव्हा तूच कागदावर मांडून दाखवलं होतंस. हप्ता माझ्या दुकानाच्या खात्यातून जातो, आणि खरं म्हणजे तो भरताना मला कधी जड वाटलं नाही. दरवर्षी नव्या कागदावर पती-पत्नी म्हणून आपली नावं एकाखाली एक येतात. जगात दुसरीकडे कुठेही ती आता तशी येत नाहीत. तेवढंही तू काटकसरीच्या नावाखाली पुसायला निघालास, असं वाटून मी दिवसभर शिलाई मशीनवर नुसती धुसफुसत होते. एका गिऱ्हाइकाची पँट नको तेवढी आखूड करून ठेवली आणि वर त्यालाच म्हटलं, हल्ली अशीच घालतात.

मग एजंटबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं की साहेबांचा हिशेब बरोबर आहे, चांगली घसघशीत बचत होईल. फक्त एकदा बाहेर पडले की या वयात साहेबांना दुसरी कुठली कंपनी सहजी आत घेणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. लेकीला विचारलं, तर तिचं म्हणणं पडलं की बाबा स्वतःहून मोकळं करताहेत तर तू तरी कशाला अडून बसतेस. दोघींचं पटण्यासारखं होतं. मी अर्ज पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि सही करण्याआधी सवयीने फोनवर तुझा विजेचा मीटर बघितला.

ही सवय तूच लावलीस. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तो मीटरचे आकडे टिपून घ्यायला. आईने पाणी दिलं, आणि पेला परत करताना तू तिला हळूच विचारलंस, घरात कुणाला बरं नाही का, वापर एकदम वाढलाय म्हणून विचारतो. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, दिवसभर पंखा आणि सारखं पाणी तापवणं चालायचं. मी आतल्या खोलीतून तुला बघत होते. पुढे लग्न झाल्यावर तू मला ती विद्या शिकवलीस. कुठल्या घरात पाहुणे आलेत, कुठली मुलगी लग्न होऊन गेली, कुणाची नोकरी सुटून माणूस दिवसाढवळ्या घरी बसायला लागलाय, हे तुला दार उघडायच्या आधी कळायचं. आणि एका घरचं दुसऱ्या घरी तू कधी बोलला नाहीस. मला केवढा अभिमान वाटायचा, की माझ्या नवऱ्याला माणसं कळतात. तू निवृत्त होऊन घरी बसलास तेव्हा उमगलं, की कळतात ती दुसऱ्यांच्या घरची.

काळ्या कापडात काळा दोरा घालून मी टीप मारत असायचे, आणि तू मागून येऊन मशीनवरचा दिवा मालवायचास, खिडकीतून पुरेसा उजेड येतोय म्हणून. इस्त्री तापली की लगेच बटण बंद, उरलेल्या धगीवर अजून दोन शर्ट निघतात म्हणून. गिझर तू मध्येच बंद केल्यामुळे अंघोळीला कोमट पाणी आलं की माझ्या कपाळाला आठ्या आणि तुझा चेहरा खुललेला. मी वैतागत गेले, तू हट्टाला पेटत गेलास, आणि एक दिवस माझ्या आईच्या त्या रिकाम्या खोलीवर राहायला गेलास, थोडे दिवस म्हणून. कुणी कुणाला घालवलं नाही आणि कुणी कुणाला बोलावलंही नाही. बोलावणं हे समोरच्याचं काम, असं दोघंही समजून चाललो.

खोली माझ्या नावावर, म्हणून तिथली वीज माझ्या नावावर, म्हणून तिचा सगळा हिशेब माझ्या फोनवर येतो. नवा मीटर बसल्यापासून तर तासातासाचा वापर दिसतो. बिल भरतोस तू आणि बघत बसते मी, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. थंडीत सकाळी गिझरची रेघ वर चढली की मी समजायचे, उठला. संध्याकाळी थोडा टीव्ही, बातम्या संपल्या की सगळं शांत. मग मीही दिवा मालवायचे. बोलणं नव्हतं, पण तू कसा आहेस ते मला ठाऊक होतं. गेले काही आठवडे मात्र गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे खेपा चालल्या होत्या, दुकानात कामं तुंबली होती, त्या गडबडीत बघायचं राहून गेलं.

त्या दिवशी मागच्या सगळ्या रेघा बघितल्या. आधी काही रात्री दिवा आणि पंखा उजाडेपर्यंत चालू. तू, आणि रात्रभर दिवा! मग एका सकाळपासून सगळं थांबलेलं. गिझर नाही, टीव्ही नाही, पंखा नाही. तळाशी फक्त एक बारीक रेघ, थोडी वर, थोडी खाली, दिवसरात्र तशीच. तो फ्रिज होता. मी त्या रेघेकडे बघतच राहिले. लेकीकडे दोन दिवस जायचं तरी फ्रिज रिकामा करून, पुसून, दार उघडं टाकून, मुख्य बटण खाली पाडून मगच कुलूप लावणारा माणूस तू. बटण पाडलं की नाही या शंकेने अर्ध्या वाटेतून मला घेऊन परत फिरलेला. तू जाताना फ्रिज चालू ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणजे तू आपल्या पायाने गेला नव्हतास. पेन तिथेच टाकलं आणि दुकानाचं शटर ओढलं.

कशीबशी तुझ्या जिन्याशी पोचले. खालच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, तर कपड्यावरची नजर न काढता त्याने सांगितलं की तू गावी भावाकडे गेलायस. तुला भाऊच नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. तू पढवलंस तेवढं तो बोलला. मी त्याच्या पायरीवर बसले ती उठेचना, तेव्हा त्याने पाणी आणून दिलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. तू जिन्यात कोसळलास. त्यानेच गाडी करून तुला सरकारी इस्पितळात नेलं. हृदयाची एक झडप निकामी झालीय, बदलावी लागेल, डॉक्टर म्हणतात वेळ घालवू नका. आणि तू मोफत विभागात नाव घालून पडून आहेस, जिथे पाळी कधी येईल ते कुणीच सांगत नाही. विमा आहे का, असं विचारल्यावर तू नाही म्हणालास. तो अर्जही त्यानेच आणून दिला आणि पोस्टात टाकला, त्यात काय आहे हे न कळता. त्याच्यावर रागावू नकोस. तुझ्यासाठी त्याने खोटं बोलायचा जेवढा प्रयत्न करायचा तेवढा केला.

मग सगळं लक्षात आलं. माझे दोन्ही गुडघे बदलावे लागणार, मला दुकानात उभं राहवत नाही, हे लेकीने तुला फोनवर सांगितलं असणार. विम्याची रक्कम दोघांत मिळून एकच. तुझी झडप आणि माझे गुडघे तिच्यात मावत नाहीत. तू बेरीज केलीस, जास्त झालेला आकडा खोडलास, आणि तो आकडा म्हणजे तू स्वतः होतास. वर त्याला हप्त्यातल्या बचतीचं वेष्टण घातलंस, कारण काटकसरीबद्दल तुझ्यावर माझा लगेच विश्वास बसेल हे तुला पक्कं ठाऊक होतं. आणि बसलाच होता रे. पेन हातात होतं. शनिवार उलटला असता, तू बाहेर झाला असतास, आणि मी निम्मा हप्ता भरून तुझ्या नावाने बोटं मोडत बसले असते. इस्त्रीवाल्याच्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी रडले. दुःखापेक्षा संतापाने जास्त. माणसाने घरातले दिवे मालवावेत, पण स्वतःलाच?

मी एकदम समोर आले असते तर तू भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं असतंस, म्हणून आधी हे पत्र येतंय, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून, आणि मागोमाग मी. तुझा अर्ज फाडून टाकला. आज हप्ता भरला, पुरा, दोघांच्या नावाचा, आणि एजंटबाईंकडून पावती घेतली. लेक निघाली आहे. तुला जिथे लवकर ऑपरेशन होईल तिथे हलवायचं, हे आम्ही दोघींनी ठरवलंय, तुला विचारलेलं नाही. कुणी विमा आहे का विचारलं तर आहे म्हण, आणि सांगतील तिथे सही कर. माझे गुडघे थांबतील, तोवर मी बसून शिवेन, गुडघ्यांनी कुणी मरत नाही. मला फार भीती वाटतेय, आणि तू नसशील तर वाचलेल्या पैशाचं मला काहीही करायचं नाहीये. बरा झालास की खोलीवर जायचं नाही, घरी यायचं. ही दया नव्हे, दयेला तू भीक घालणार नाहीस. तुझ्याच भाषेत सांगते, म्हणजे तुला नाही म्हणता येणार नाही: एक युनिटसुद्धा जाळलं नाही तरी प्रत्येक मीटरमागे दरमहा स्थिर आकार भरावाच लागतो, आणि इतकी वर्षं आपण तो उगाचच दोन घरांचा भरतोय.

तुझीच,
दिवा जाळणारी