मांजर पुन्हा आजारी ठरवण्याबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
सरकारी पशुदवाखाना, लहान जनावरांचा विभाग
(वजनकाट्याशेजारची खोली)

विषय : मांजराचा मधुमेह बरा झाल्याचा शेरा मागे घेऊन ते पूर्ववत आजारी असल्याचे लेखी देण्याबाबत.

संदर्भ : केसपेपर क्र. ४१७ वरील आपला दि. २३ चा शेरा : "साखर नॉर्मल. इन्सुलिन बंद. अभिनंदन!"

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, संदर्भीय शेऱ्यातील अभिनंदन मी स्वीकारू शकत नाही. कारणे खालीलप्रमाणे.

१. मी एका कचेरीच्या अभिलेख कक्षातून तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेली अविवाहित स्त्री असून गेली अकरा वर्षे धाकट्या भावाच्या घरी, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहते. विषयांकित मांजर (नर, वय नऊ) माझ्या भावजयीचे आहे. दिवसभर उंबऱ्यावर बसून कोण काम करते ते बघत असल्याने घरात त्यास मुकादम म्हणतात. मला मांजरे आवडत नाहीत, हे येथेच प्रांजळपणे नमूद करते.

२. चौदा महिन्यांपूर्वी माझी वृद्धाश्रमात रवानगी ठरली होती. फॉर्म भावाने भरला, सही मी केली. "ताई, तिथं तुझ्या वयाची माणसं असतील, गप्पा होतील," असे तो म्हणाला. माझ्या वयाच्या माणसांशी मला काय बोलायचे असते, हे त्याने विचारले नाही. त्याच आठवड्यात मुकादम वाटी-वाटी पाणी पिऊ लागला आणि मागचे पाय ओढत चालू लागला. आपण मधुमेहाचे निदान करून सकाळी सात व संध्याकाळी सात अशी दोन इंजेक्शने लिहून दिलीत. सुई पाहताच भाऊ आपल्या बाकावर मटकन बसला. त्यास पाणी आपणच दिले होते, आपल्याला आठवत असेल. भावजय म्हणाली, "माझ्याच्यानं नाही बाई जिवंत प्राण्याला टोचवणार." त्याच हातांनी तिने आदल्या दिवशी माझी बॅग भरली होती, तेव्हा ते कापले नव्हते. शेवटी मी म्हटले, आणा इकडे. बॅग माळ्यावर गेली. ती रिकामी कोणी केली नाही, मला लागले तसे स्टूल लावून मी एकेक पातळ काढून घेतले.

३. तेव्हापासून मी एकदाही उशीर केलेला नाही. आधी कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त, मग साखरेचा आकडा, मग मोजून खाणे, ते पोटात गेल्याची खात्री, आणि मगच मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई. भाचरांच्या दोन लग्नांना मी गेले नाही. कोणी आग्रहही केला नाही. पाहुण्यांसमोर भाऊ म्हणाला, "मुकादम आहे तोवर ताईला कुठं सोडतोय आम्ही!" सगळे हसले, मीही हसले. परंतु आयुष्यभर आदेश वाचलेल्या बाईला नेमणूक कोणत्या मुदतीची आहे हे समजते.

४. येथे माझा अपराध कबूल करते. आकडे मी वहीत खरे लिहिले. नवव्या महिन्यापासून साखर उतरत चालल्याचे मला दिसत होते. एकशे दहाचे तीनशे दहा करायला एका फराट्याचे काम होते. परंतु नोकरीत एका साहेबांच्या सांगण्यावरून मी एक तारीख बदलली नाही व त्यापायी सहा वर्षे तळघरात काढली. तो हात आता कसा वळणार? आपण तीच वही पाने उलटून पाहिलीत, उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "आजी, कमाल केलीत! हे फार थोड्यांना जमतं." खरे आहे. चोख काम करून स्वतःचेच पद रद्द करून घेणे फार थोड्यांना जमते. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे वैद्याला मरण्यासाठी जागाही पाहून ठेवली आहे.

५. आपला शेरा मी घरी दाखवला नाही. भावजय बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवते, म्हणून औषध रोज दोन वेळा नियमाप्रमाणे सिरिंजमध्ये ओढते व मोरीत सोडते. सुईचे टोपण न काढता मुकादमाच्या मानेला लावते. पहिले तीन दिवस तो नेहमीसारखा कॉटखाली पळाला. चौथ्या दिवसापासून टोचत नाही हे त्याला कळले आणि तो सातच्या आधीच येऊन माझ्या पायावर डोके ठेवून बसू लागला. हे मला सोयीचे नाही. आजारी मांजर सुईची वाट पाहत बसत नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल.

६. गेल्या मंगळवारी सकाळी भावजय फोन घेऊन समोर उभी राहिली. "ताई, नीट उजेडात द्या ना, माझ्या ग्रुपवर टाकते. सगळ्या विचारतात, तुमच्याकडे कोण देतं म्हणून." टोपण काढावे लागले. सुई आत गेली व औषधही गेले. व्हिडिओ चांगला आल्याचे ती म्हणाली. दहाच्या सुमारास मुकादम कपाटावर आदळला, मान एका बाजूला पडली व पाय झडू लागले. मी साखरेचे पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत अर्धा तास फरशीवर बसले होते. तो वाचला. त्या अर्ध्या तासात मी देवाकडे त्याचा जीव मागितला की माझी खोली, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

भावजयीचे म्हणणे पडले, "तुमचा हात चुकला, ताई. वयच झालंय, तुमची तरी काय चूक?" ती हे रागाने बोलली असती तर बरे झाले असते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बोलली.

७. परिणामी मांजर बरे आहे म्हणावे तर माझी गरज नाही, आणि आजारी आहे म्हणावे तर माझा हात भरवशाचा नाही, अशी इकडे आड तिकडे विहीर अवस्था झाली आहे. येत्या सोमवारी भाऊ रजा काढून स्वतः मुकादमास आपल्याकडे आणणार असून इंजेक्शन देणे शिकून घेणार आहे. शिकायला काहीच उरलेले नाही, हे आपण त्याला दोन मिनिटांत सांगाल. भाची घरातून काम करते, तिला वेगळी खोली हवी आहे. काल तिने माझ्या खोलीत टेप लावून विचारले, "आत्या, कॉट इथून निघाली की खिडकीपाशी माझं टेबल बसेल ना गं?" टेपचे दुसरे टोक मी धरले होते. टेबल बसते.

८. सबब विनंती की, सोमवारी भावासमक्ष आपण मांजराचा मधुमेह कायम असल्याचे सांगावे, मंगळवारचा प्रकार आजाराच्या चढउताराचा होता असे म्हणावे व इंजेक्शन देणारी व्यक्ती बदलू नये असे लेखी द्यावे. आपल्यासारख्या सच्च्या अधिकाऱ्यास हे जड जाईल याची मला जाणीव आहे. मी तळघरात होते, मला ती जाणीव जास्तच आहे.

९. शेवटचा मुद्दा, आपला वेळ घेते याबद्दल क्षमस्व. दि. २३ रोजी आपण मला एक ताकीद दिली होती : दम्यासाठी मी घेते त्या स्टेरॉइडच्या गोळ्या मुकादमाच्या तोंडी लागू देऊ नयेत, आठवडाभर पोटात गेल्या तर साखर परत येईल व या वेळी बहुधा उतरणार नाही. ही ताकीद मी वहीत शब्दशः उतरवून घेतली आहे. काल संध्याकाळी सात वाजता मी अर्धी गोळी कुस्करून त्याच्या खाण्यात मिसळली. त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली, नंतर माझी बोटे चाटली. नोंद केली आहे. आज सकाळी दिली नाही. एका अर्ध्या गोळीने काही बिघडत नसावे, असे मी धरून चालले आहे.

महोदय, आपण सोमवारी खोटे लिहिलेत, तर ते मला खरे करावे लागणार नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारी,

(सही)
केसपेपर क्र. ४१७ वर 'सोबत आलेली व्यक्ती' अशी नोंद असलेली

दि. ११, शुक्रवार

सोबत :
१) साखरेची वही, चौदा महिने, एकही खाडाखोड नाही.
२) संदर्भीय शेऱ्याची प्रत.
३) आपल्या सोयीसाठी सोमवारच्या शेऱ्याचा मसुदा : "मधुमेह कायम. सोबतच्या व्यक्तीस हलवू नये." फक्त सही करावी.