गांडुळांना सावली दिल्याबद्दल

तीर्थरूप मामांस,

कॉलेज सोडलेल्या, पण मामा न सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

आज सकाळी काचघरात सरांनी पाहुण्या परीक्षकबाईंना एक साधं वाक्य सांगितलं आणि ते वाक्य संपता संपता माझं आयुष्य उलटंपालटं झालं. वाक्य कोणतं ते सांगतोच, पण आधी रीतीप्रमाणे तुमची चौकशी. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही बुटांच्या नाड्या वाकूनच बांधता, असं मामींनी फोनवर सांगितलं. ऐकत जा, मामा. (हट्टीपणा मला आईकडून आला, आईला तो थोरल्या भावाकडून आला असणार, आणि तिला भाऊ तुम्ही एकटेच. तेव्हा पुढचं वाचून माझ्यावर फार चिडायचा तुम्हाला हक्क नाही.) इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. इकडे काहीही क्षेम नाही.

कागद तपकिरी आणि जाडाभरडा दिसतोय, कारण या माती वाळवायच्या पिशव्या आहेत. उसवून सरळ केल्या. मी विभागाच्या मातीच्या खोलीत बसलोय. भिंतीला पोती टेकलेली, टेबलावर चाळण्या, कोपऱ्यात माती सुकवायचा ओव्हन, आणि पलीकडच्या सभागृहाच्या व माझ्यामध्ये फक्त प्लायवुडची भिंत. त्या भिंतीपलीकडे ती उभी आहे. इतकी वर्षं मातीत हात घालून जे काम केलं ते आज ती परीक्षकबाईंपुढे मांडतेय. बाईंचं समाधान झालं तर तिची डॉक्टरेट पक्की. नाही झालं तर काय, हे माझ्याच्यानं लिहवत नाही. तिचा आवाज येतोय, शब्द मात्र अर्धेमुर्धे. 

मागच्या पत्रात तिच्या डोळ्यांवरच सगळी पानं संपली आणि ती करते काय, हे सांगायचं राहिलं. ती गांडुळं सांभाळते. (हसू नका.) मातीत गांडुळं असली तर पाणी किती मुरतं आणि नसली तर किती, हा तिचा विषय. काचघरात पारदर्शक डब्यांमध्ये एकसारखी माती, एकसारखं गवत. अर्ध्या डब्यांत गांडुळं सोडलेली, अर्ध्या डब्यांत एकही नाही. मोजून पाणी ओतायचं आणि ते किती वेळात खाली उतरतं ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ती त्या डब्यांपुढे गुडघ्यांवर बसून श्वास रोखून पाणी मुरताना बघते, तेव्हा आपण माती का झालो नाही असं वाटून जातं. मी तिथे पाणी घालायचा आणि डबे उचलायचा हंगामी मदतनीस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या विभागातून पाय आपटत बाहेर पडलो, त्याच विभागात नळी धरून परत आलो, ते केवळ तिच्यासाठी.

(पाय का आपटले, हे आईनं तुम्हाला तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. माझी बाजू अशी: मातीचा रंग रंगपट्टीशी ताडून लिहायचा असतो, त्यात कविता करायची नसते. मी एका नमुन्यापुढे लिहिलं, ‘रागावून बघताना तिच्या डोळ्यांत उतरतो तसा तपकिरी.’ सरांनी ते भर वर्गात मोठ्यानं वाचलं. वाचलं ते वाचलं, वर ‘या डोळ्यांचा नमुना आणलाय का?’ असंही विचारलं. मी रंगपट्टी बादलीत टाकली आणि निघालो. त्यानंतर सर वर्गात जे धडे शिकवणार होते ते माझे राहिले. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण माझा गळा त्याच फासात अडकलाय.)

आता मूळ भानगड. ते डबे काचघरात कसे ठेवलेले होते म्हणता? कसेही! एक गांडुळांचा, दोन बिनगांडुळांचे, पुन्हा गांडुळांचा, एक कोपऱ्यात, एक दाराजवळ. दर आठवड्याला ती चिठ्ठ्या टाकायची आणि निघेल त्याप्रमाणे आम्ही डबे इकडचे तिकडे करायचो. मला वाटायचं, हुशार माणसांचा पसारा असाच असतो. मग उन्हाच्या ऐन भरात सरांनी तिला पंधरवडाभर तळ्यावर पाण्याचे नमुने घ्यायला धाडलं. जाताना मला म्हणाली, ‘आता मी येईपर्यंत चिठ्ठ्या नाहीत. डबे आहेत तसेच राहू देत, हात लावू नकोस, फक्त पाणी घाल.’ मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. (प्रेमात माणूस कशालाही हो म्हणतो. तुम्हीही म्हणाला होतात, असं मामी सांगतात.)

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी इस्त्री आला. इस्त्री म्हणजे तिच्याबरोबरचा दुसरा संशोधक. आकडेमोड करतो, मातीला हात लावत नाही, शर्टाला सुरकुती पडू देत नाही आणि तिच्याशी बोलताना आवाज उगाच खाली आणतो. दारात उभा राहून डब्यांकडे बघत म्हणाला, ‘काय रे, हे संशोधन आहे की भंगारवाल्याचं दुकान?’ आणि स्वतःच हसला. मामा, मला काहीही म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. (नसतं सोडलं, पण ते जाऊ द्या.) तिच्या कामाला भंगार म्हटलं! माझं डोकं असं तापलं की तो जाताच मी सगळे डबे झाडून पुसून शाळेतल्या प्रार्थनेसारखे रांगेत लावले. आणि नुसते लावले नाहीत, विचार करून लावले. गांडुळांना ऊन सोसत नाही, म्हणून त्यांचे सगळे डबे भिंतीकडच्या सावलीत. बिनगांडुळांच्या डब्यांत सोसणारं कुणी नाहीच, म्हणून ते सगळे खिडकीखाली उन्हात. इतकं देखणं दिसत होतं! पंधरवडाभर मी त्या रांगांमधून सेनापतीसारखा नळी घेऊन फिरलो. ती यायच्या आदल्या दिवशी मात्र तिचे शब्द आठवले. मोबाईलमध्ये जुना फोटो होता, तो बघून एकेक डबा परत जुन्या पसाऱ्यात नेऊन ठेवला. ती आली, बघितलं, म्हणाली, ‘तुझ्यासारखा भरवशाचा माणूस नाही.’ त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो.

आणि निकाल काय सुरेख आले! गांडुळांच्या डब्यांत पाणी सरसर खाली, दुसऱ्यांत वर तळं साचलेलं. सर स्वतः खूश झाले. (सरांना पोरं ‘आम्ल’ म्हणतात, यावरून त्यांची खुशी किती दुर्मीळ हे ओळखा.) मी मनात म्हटलं, गांडुळांना सावली दिली त्याचं हे फळ.

ते खरंच त्याचंच फळ असू शकतं, हीच तर भीती आहे. आज सकाळी बोलणं सुरू व्हायच्या आधी सर परीक्षकबाईंना काचघर दाखवत होते, मी कोपऱ्यात नळी धरून उभा. बाईंनी विचारलं, डबे असे विस्कटून का ठेवलेत? आणि सर म्हणाले, ‘मुद्दाम. गांडुळांचे सगळे डबे सावलीत आणि बाकीचे उन्हात ठेवले असते तर माती उन्हानं कडक झाली की गांडुळांअभावी, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं.’ संपलं. मामा, पायाखालची फरशी सरकली म्हणतात ती अशी. सरांनी हुबेहूब माझ्या रांगा सांगितल्या होत्या, कुणी न करण्याजोगी चूक म्हणून! आणि मी राग धरून बाहेर पडलो त्याच सत्रात हा धडा होता. माझ्या हातातली नळी चालूच होती आणि ती सरांच्या डाव्या बुटात पाणी भरत होती. बूट भरल्यावर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी ‘सॉरी सर’ म्हणालो. त्यांना वाटलं, बुटाबद्दल.

तिला गाठून सांगणार होतो. पण ती पायऱ्यांवर कागद चाळत ओठांतल्या ओठांत पाठ करत होती आणि मला बघून म्हणाली, ‘तू समोर बस हं, मला धीर येतो.’ यावर काय सांगणार, सांगा! पाणी आणतो म्हणालो आणि या खोलीत येऊन बसलो.

थांबा. पलीकडे हसले सगळे. कुणावर हसले? तिनंच काहीतरी गमतीचं सांगितलं असावं. आता आवाज मोकळा झालाय तिचा, छान बोलतेय.

तर मी शांत डोक्यानं विचार केलाय. (हो, मी.) पंधरवडा म्हणजे किती, सगळ्या प्रयोगात चिमूटभर. शिवाय हे मी सोडून कुणाला माहीत नाही. डबे बोलत नाहीत. गांडुळं तर मुळीच नाहीत. सांगितलं तर तिचं वाटोळं, माझं वाटोळं, आणि इस्त्रीला आयुष्यभराची करमणूक. तीही मला पुन्हा दारात उभं करायची नाही. नाही सांगितलं तर सगळे सुखी. यात सज्जनपणा कुठला, ते मला कळतं. मी तिच्या भल्यासाठी गप्प बसू शकणारा माणूस आहे. संध्याकाळच्या गाडीनं मी तुमच्याकडे येतोय. बाहेरच्या खोलीत गादी टाकून ठेवा. विज्ञानाशी आणि प्रेमाशी माझा संबंध संपला. तुमच्या ओळखीनं एखाद्या दुकानात चिकटवा, जिथे वस्तू रांगेत लावल्या तर लोक चांगलं म्हणतात.

मामींना नमस्कार, लहानग्यांना पापा, आणि वाकू नका.

तुमचा अभागी पण निश्चयी भाचा

ता. क. पत्राची घडी घालत होतो. पलीकडे इस्त्रीनं प्रश्न विचारला, आवाज खाली आणून, पण मी कान प्लायवुडला लावला. ‘तुम्ही तळ्यावर होतात त्या दिवसांत डब्यांच्या जागा खात्रीनं तशाच होत्या का?’  मग ती म्हणाली, ‘माझा मदतनीस होता तिथे. तो एकही डबा हलवणार नाही, त्याची हमी मी देते.’ मामा, तिनं हमी दिली. बाईंपुढे, सरांपुढे, त्या इस्त्रीपुढे, स्वतःच्या नावावर. उद्या इस्त्रीनं कुठून तरी शोधून काढलं तर खोटी ती ठरेल, मी नाही. वरचं सगळं रद्द समजा. गादी घालू नका.

ता. क. (दुसरा) खरं तर पत्राचं मूळ कारण आता सुचतंय. तुमची गच्ची. पूर्वेकडच्या भिंतीची सावली आणि पश्चिमेचं ऊन, दोन्ही आहे तिथे. काचघर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कुणाला दिलंय. प्रयोग पुन्हा करायचा तर जागा हवी, आणि तिनं मला झोडपून काढल्यावर मी लगेच म्हणू शकलो पाहिजे की जागा आहे. डबे फार नाहीत. आठवड्यातून एकदा चिठ्ठ्या टाकून हलवायचे, ते मी येऊन करीन, तुम्ही वाकायचं नाही. मामींना फक्त ‘गवताच्या कुंड्या’ म्हणून सांगा. आत कोण राहतं ते त्यांनी स्वतः बघेपर्यंत सांगू नका. आणि सरांनी आज मला जिवंत सोडलं तर पुढच्या सत्रात परत नाव घालायचंय, तोच धडा शिकायला. आईला तेवढं तुम्हीच सांगा, मला तिची भीती सरांपेक्षा जास्त वाटते.

ता. क. (शेवटचा) बाई विचारताहेत, आणखी कुणाला काही बोलायचंय का. मला बोलायचंय. हे दाराच्या चौकटीला कागद टेकवून लिहितोय, एक पाय बाहेर आहे. हे दार ओढलं की कुलूप आपोआप लागतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली मी मुद्दाम आत टेबलावर टाकली आहे, नाहीतर परत आत येऊन बसेन, मी स्वतःला ओळखतो. पत्र खिशात घालतो. ओढतो दार.