फोटोत मान खाली घालणारी मुलगी

प्रिय दादा,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला, खालचा निरोपही वाचला. उत्तर आलं नाही म्हणून तू रोज सकाळी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवतोस, तेही दिसतंय. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मध्येच तोडतोस, आणि मग मी लहानपणासारखी गप्प बसते. म्हणून हे कागदावर लिहून आक्काआत्यामार्फत तुझ्या हाती देते आहे. तू विचारलंस त्याचं उत्तर यात आहे. पण आधी मला माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगू दे. चहा घेऊन ओटीवर बस आणि मधूनच उठू नकोस.

इथे चीनमध्ये, हेंगयांगला सध्या नदीवरून धुकं येतं ते दुपारपर्यंत हटत नाही. भिंतींना पाणी सुटलंय, वाळत घातलेले मोजे वाळत नाहीत. बालवाडीतली पोरं कापसाच्या कपड्यांत इतकी गुंडाळलेली असतात की पडली तरी लागत नाही, फक्त आपली आपण उठू शकत नाहीत. मला अजूनही सगळे ‘मी लाओशी’ म्हणतात, चिनीत ‘मी’ म्हणजे भात आणि ‘लाओशी’ म्हणजे बाई, तर भातबाई. मीनल हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही आणि मीही कधीच नाद सोडला. आमच्या मुख्याध्यापिका ओउयांग बाई मोठ्या फटकळ. त्या म्हणतात, ‘तू नुसती फाटकात उभी राहा. परदेशी तोंड दिसलं की प्रवेश वाढतात. बोलायची काही गरज नाही, बोललीस की उलट कमी होतील.’

तर ही मुलगी आली चंद्राच्या सणानंतर, वर्ग सुरू होऊन गेल्यावर. नाव तांगतांग, वय पाच. सोबत आजी, बापाची आई. थान आजी बाई मोठ्या मायेची. पहिल्याच दिवशी माझ्या हातात धुरावलेल्या मांसाचा तुकडा आणि मिरच्यांची बरणी कोंबली आणि म्हणाली, ‘खा गं, किती वाळलीस, तुझ्या आईने बघितलं तर रडेल.’ आणि त्याच दमात, आवाज उतरवून, ‘हिचे फोटो तेवढे फोनवरच्या पालकांच्या गटावर टाकू नकोस हं. हिचा बाप लांब तोंगक्वानच्या कारखान्यात असतो. त्याला आवडत नाही.’

तुला यात काही वावगं वाटणार नाही. पण इथे फोटो म्हणजे आमचा निम्मा पगार रे. मूल जेवलं, फोटो. झोपलं, फोटो. शिंकलं तरी फोटो. टाकायला उशीर झाला तर आया लगेच विचारतात, ‘आज आमची का दिसत नाही? रडत होती का?’ मग मी टाकते आणि धडाधड फुलांची चित्रं येतात, बाईंनी किती कष्ट घेतले म्हणून. सगळ्या वर्गात हे एकच घर असं होतं की मूल दिसलं नाही की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. नंतर माझ्या लक्षात आलं, मी जपायची गरजच नव्हती. कुणाचाही फोन वर झाला की तांगतांग खाली बसायची, बुटाची चिकटपट्टी उघडायची आणि पुन्हा लावायची. मान अगदी छातीला टेकवून. फोन खिशात गेला की उठून खेळायला लागायची. तिला हे कुणीतरी शिकवलं होतं, आणि चांगलं घोटून घेतलं होतं.

आणखी एक. हजेरी घेताना मी ‘तांगतांग’ म्हटलं की शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसायची, मग ती ‘हजर’ म्हणायची. मला वाटलं, ऐकायला कमी येतं. पण आमच्या वर्गात आनआन नावाचा एक गोबरा मुलगा आहे. त्याला हाक मारली की त्याच्याआधी तांगतांगची मान वळायची. वळायची आणि लगेच खाली जायची, चूक झाल्यासारखी. एकदा हे मी पाहिलं, मग रोजच पाहू लागले. मी ओउयांग बाईंच्या कानावर घातलं. त्या फळं सोलत होत्या. म्हणाल्या, ‘भातबाई, आजीकडे मूल न्यायचं कार्ड आहे ना? फाटकावर कार्ड लागतं ना? मग झालं. आपण कार्डाला मूल देतो, माणसाला नाही. माणसांच्या भानगडीत पडलो तर शाळा चालवायची कधी?’

दादा, त्या वाईट नाहीत. इथे घर मोडलं की असं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवराबायकोचं फाटलं की ज्याच्या हाताला मूल लागेल तो ते उचलतो आणि दुसऱ्या गावी नेऊन ठेवतो. ज्याच्याकडे मूल राहिलं त्याचंच शेवटी ते होतं. म्हणून बालवाडीच्या फाटकावर शिपाई शिरस्त्राण घालून, टोकाला लोखंडी कमान लावलेली लांब काठी घेऊन उभा असतो. लोकांना वाटतं ती चोरासाठी आहे. शिपाई मला म्हणाला होता, ‘चोर कशाला येतोय इथे? ही आईबापांसाठी आहे.’ तेव्हा मी हसले होते.

नव्या वर्षाच्या कार्यक्रमात मी पोरांकडून एक नाच बसवून घेतला. ओउयांग बाईंनी त्याची चित्रफीत सगळीकडे पसरवली, कारण मध्यभागी मी होते, साडी नेसून. मागच्या रांगेत एक मुलगी नाचता नाचता खाली बसते आणि बुटाशी चाळा करते. चेहरा दिसत नाही, फक्त मानेचा मागचा भाग दिसतो. तेवढं पुरलं.

त्यानंतर शाळेसमोरच्या शेवयांच्या दुकानात एक बाई येऊन बसायला लागली. तोंडाला मास्क, समोर माशाच्या रश्शाचा वाडगा, तो तसाच थंड व्हायचा. मी रोज तिथेच खाते. चौथ्यापाचव्या वेळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही बाहेरच्या आहात. या गावात तुम्ही कुणाची मावशी नाही, कुणाची वहिनी नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.’ नाव फांग यिंग. तिने फोन पुढे केला. त्यात तांगतांग होती, लहान, बिनधास्त कॅमेऱ्यात बघून जीभ काढणारी. खरं नाव आनआन. न्यायालयाने मूल आईला दिलंय, पण ते कागदावर. ती म्हणाली, ‘पोलीस म्हणतात, ताई, हा घरचा मामला, घरात मिटवा. घर कुठाय हो? मी पोचले की ते घर रिकामं असतं.’

मला वाटलं आता ही मूल मागणार. पण ती म्हणाली, ‘मला द्या असं मी म्हणत नाहीये. तुमची नोकरी जाईल. एवढंच सांगा, ती अंड्यातलं पिवळं खाते का? माझ्याकडे असताना थुंकून टाकायची.’ मी म्हटलं, खाते, काही न बोलता सगळं खाते. तशी ती त्या वाडग्यावर वाकून रडली. म्हणाली, ‘कुणासमोर थुंकणार बिचारी?’

मग मीच तिला म्हटलं, उद्या सकाळी कवायतीच्या वेळी मागच्या जाळीपाशी या. नुसतं बघा. मला खरंच वाटलं होतं की बघण्याने कुणाचं काही बिघडत नाही.

ती आली. धुक्यात तिचा लाल गळपट्टा तेवढा दिसत होता. पोरं कर्ण्यावरच्या गाण्याबरोबर हात वरखाली करत होती. मग तिला राहवलं नाही. तिने हाक मारली, ‘आनआन!’ मोठ्याने नाही, जेवायला बोलवावं तशी. तो गोबरा आनआन वळून बघायला लागला. आणि माझी तांगतांग खाली बसली. पट्टी उघडली, लावली. उघडली, लावली. आई पुन्हा हाक मारत होती आणि पट्टीचा तो खरखर आवाज मला गाण्यातूनही ऐकू येत होता. तिने मान वर केली नाही. तिथे कुणाचाही फोन नव्हता, दादा.

दुपारी पोरं छोट्या खाटांवर झोपली तेव्हा ती जागी होती. मी पांघरूण सारखं करायला गेले तर तिने माझं बोट धरलं आणि कुजबुजली, ‘मी लाओशी, मी बघितलंच नाही. तुम्ही पाहिलंत ना? आजीला सांगाल ना, मी बघितलं नाही म्हणून?’ मी म्हटलं, सांगेन हं. तर म्हणे, ‘मग आम्हाला इथून जावं नाही लागणार. मागच्या वेळी मी बघितलं होतं. आणि नाव पण हेच राहील ना? मला आत्ता कुठे पाठ झालंय.’ मी हो म्हटलं.

थान आजीच्या फोनवर आमच्या मैदानाचा कॅमेरा दिवसभर चालू असायचा, भाजी निवडतानासुद्धा. दुसऱ्या दिवशी तांगतांगच्या खाटेवरचं पांघरूण नेलेलं होतं. खुंटीवरचा रुमाल, दात घासायचा कप, सगळं गेलं होतं. शिपाई म्हणाला, आजी पहाटेच येऊन गेली, कार्ड परत दिलं, रडत होती. ओउयांग बाई मला एवढंच म्हणाल्या, ‘आता कुणाला विचारू नकोस.’ मी विचारलं. कुणालाच माहीत नाही. फांग यिंगला ते मलाच सांगावं लागलं, आणि मुलगी काय म्हणाली तेही. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, ‘म्हणजे तिने मला ओळखलं होतं?’ मी म्हटलं, हो, म्हणूनच. आता ती गावोगावच्या बालवाड्यांच्या जाळीबाहेर उभी असते. हाक मारत नाही. मुलं कवायत करताना कोण खाली बसतंय ते नुसतं बघत राहते. मला मधूनमधून निरोप येतो, ‘इथे नाही.’ एवढाच.

आता तुझं. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्या शाळेत पालक म्हणून तू आलास. तुझं तुझ्या लेकीवर, राहीवर प्रेम नाही असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. थान आजीचंही होतं. तू लिहिलंस, ‘लपवत नाहीये गं, वातावरण निवळेपर्यंत शांत ठेवतोय.’ दिवाळीला चार दिवस म्हणून वहिनीकडून तिला आणलंस त्याला किती महिने झाले? आणि आता म्हणतोस, जूनमध्ये राहीला चीनला तुझ्या शाळेत आणून सोडतो, तिथे कोण शोधणार आहे. खरं आहे. इथे कुणीही शोधू शकणार नाही. मी तुझा व्हिडिओ कितीदा तरी पाहिला. तू विचारतोस, राही, तुझं नाव काय? आणि ती बोलायच्या आधी तुझ्याकडे बघते. सांगू का, असं विचारते डोळ्यांनी. पाच वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव सांगायला परवानगी का लागावी रे? पुढे काय होतं ते मी रोज वर्गात पाहिलंय. माझं उत्तर नाही असं आहे. राही इथे येणार नाही.

आणि दादा, आक्काआत्याने तुला हे पाकीट दिलं, पण ते तिला टपालाने आलेलं नाही. मी ते गौरीवहिनीला पाठवलं, तू राहीला ठेवलंयस त्या कुडाळच्या घराच्या पत्त्यासकट, आणि तिनेच ते आत्याच्या हाती दिलं. ती आज सकाळच्या गाडीने आली, आणि तू हे वाचत असताना अंगणात, विहिरीच्या पलीकडे उभी आहे. तुझं वाचून होईपर्यंत हाक मारू नकोस असं मी तिला बजावलंय, कारण ती हाक तू बसल्या जागी, उठून न जाता, नीट ऐकावीस असं मला वाटतं. आता ती हाक मारेल. तू तिच्याकडे बघू नकोस, माझ्यावरचा रागही नंतर काढ. राहीकडे बघ. ती धावत सुटते, की आधी तुझ्या तोंडाकडे बघते, की खाली बसते, एवढंच बघ.

तुला आज नकोशी झाले तरी तुझीच,
मीनू