भिंतीवरचे मामाजी

॥ जगदंबा माता प्रसन्न ॥

ता. मंगरूळपीर, जि. वाशीम
गुरुपौर्णिमा, १० जुलै २०२५

चि. भागवत भाऊजींस,
वैजयंती वहिनीचा आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. फोन केला नाही, कारण फोन लावला की तुम्ही "वहिनी, थोड्या वेळानं करतो" म्हणता, आणि इकडे तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, कान देऊन शेजारीच बसलेल्या असतात. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी होती, फेकायचा कशाला?

पाऊस बरा आहे. मेथी निघाली, वांगी धरली. तुमचे दादा पहाटे मंगरूळच्या बाजारात माल नेतात, मी हिशेब लिहिते. आमच्या प्रियदर्शनीनं वाशीमच्या कॉलेजात नाव घातलं. तिनंच तिकडून तो पेपर आणला.

तो पेपर म्हणजे तुमच्या दिल्लीच्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाचा. साऱ्या देशातून चित्रं निवडली, त्यात तुमचं, आणि चित्राशेजारी तुम्ही हाताची घडी घालून उभे. मला आधी आनंदच झाला हो. देवापुढे साखर ठेवली. मग चष्मा लावून नीट पाहिलं.

टेकडी आपलीच. तिचा डावीकडचा कापलेला कान मी झोपेतही ओळखेन. वर ढग, खाली गवत, लांबवर उजेड. आणि बस्स! घर नाही, विहीर नाही, मळा नाही. टेकडीच्या पायथ्याचा अख्खा तांडा नाही. आणि चित्राचं नाव काय, तर 'अस्पर्श भूमी'!

अस्पर्श? भाऊजी, त्या उतारावरचे दगड तुमच्या बाबांनी, आमच्या मामाजींनी, जन्मभर वेचले. बांध घालता घालता त्यांचं बोट चेंगरलं, ते अखेरपर्यंत सरळ झालं नाही. त्याच बोटाला धरून तुम्ही शाळेत गेलात. त्या जमिनीला कोणाचा हात लागला नाही असं तुम्ही दिल्लीत जाऊन सांगता, आणि लोक टाळ्या वाजवतात?

तांड्यातला रूपला भाजी घ्यायला आला होता. त्याला फोटो दाखवला. त्यानं पेपर उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाला, "वयनी, सरकारले जे जमलं नाही ते भाऊजीनं करून दाखवलं. पुरा तांडा उठवला, अन् साधी नोटीसबी नाही देली!" आम्ही दोघं हसलो. तो गेल्यावर मला हसू राहिलं नाही.

त्याच पानावर खाली दुसरा फोटो आहे. शेजारच्या दालनातला. आपल्या ओसरीची भिंत, पुरुषभर मोठी केलेली. खाली लिहिलंय, 'वऱ्हाडातील आदिम भित्तिकला. कलाकार अज्ञात.' ज्या बाईनं तुम्हाला नऊ महिने पोटात वागवलं तिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही? गोजराबाई. मोजून पाच अक्षरं. मी चिडून आत्याबाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणतात, "नाव कायले पाह्यजे वं? मी का दुकान टाकलं?" त्यांना राग आला नाही. तो माझ्याच वाट्याला आला, आणि मी तो पुरवून वापरते आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

त्या भिंतीची रीत तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही त्याच ओसरीत रांगलात. दरसाल आखाडात आत्याबाई भिंत शेणमातीनं सारवतात. मागच्या वर्षीचा नाग आणि नागाभोवतीची माणसं झाकली जातात. मग पंचमीला चुन्या-गेरूनं नवा नाग, नवी माणसं. घरात जितके जिवंत, तितकीच. जो गेला तो सारवणाखाली राहतो. त्याच्यावर पुन्हा काडी फिरत नाही. आत्याबाईंच्या सासूही अशाच त्या भिंतीत गेल्या, आणि त्यांच्या आधीच्याही.

मागच्या दिवाळीत तुम्ही दोन जाणकारांना घेऊन आलात, त्यांनी भिंतीचे फोटो काढले. "वहिनी, एवढा ठेवा तुम्ही दरसाल शेणात घालता!" असं म्हणालात, हे माझ्या कानात आहे. भिंत पक्की करायची म्हणून डब्यातलं वॉर्निश काढलंत. आत्याबाईंनी लेकाची हौस म्हणून करू दिलं. मामाजी खाटेवर बसून मजा पाहत होते. तुम्ही भिंतीवरल्या त्यांच्या माणसापाशी आलात आणि म्हणालात, "बाबा, तुमाले तं डबल पक्कं करतो," आणि त्या एकाच माणसावर दुसरा हात फिरवलात. मामाजी खोकेपर्यंत हसले. "आता यमबी आला तं मले खरडू शकत नाही!" आम्ही सगळे हसलो. तुम्ही मायेनं केलंत, हे मी नाकारत नाही.

माघात मामाजी गेले. तेरवीला तुम्ही आलात, दुसऱ्या दिवशी गेलात. प्रदर्शन होतं.

एकादशी झाली, आणि सोमवारी आत्याबाईंनी शेणमाती कालवली. मामाजींच्या माणसाकडे बोट केलं. मला म्हणाल्या, "तू सर. यायले मीच झाकतो." पदर खोचला आणि एकट्यानं सारी भिंत सारवली. मामाजींच्या माणसापाशी हात जरा थांबला, पण त्यांनी झाकलं. मग न्हाणीत जाऊन बराच वेळ पाणी ओतत राहिल्या. मी आत गेले नाही. माणूस मेल्यावर बाईनं जे रडायचं असतं, ते त्यांचं तेव्हा कुठं सुरू झालं होतं.

दुपारी ऊन पडलं. सारवण वाळलं आणि मधोमध पापडासारखं फुगलं. आत्याबाई ओसरीत आल्या तेव्हाच ते खपली धरून खाली पडलं. बाकी भिंत अजून झाकलेलीच होती. फक्त मामाजी बाहेर आले. धुतल्यासारखे, चमकत.

आत्याबाईंनी खाली पडलेली खपली उचलून हातात धरली. मग हळूच म्हणाल्या, "पाह्य वैजयंती. यायले जायचं नाही."

मी सांगून पाहिलं. वॉर्निश सांगितलं, दुसरा हात सांगितला, गुळगुळीतावर माती धरत नाही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले दहावीची अक्कल हाय. मले त्यायची सवय हाय." झालं! तेव्हापासून जेवायच्या आधी भाकरीचा तुकडा भिंतीशी जातो. मळ्यात जाणं बंद. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात आणि बोलतात. काल म्हणत होत्या, "भागवताच्या चित्रात घर नाही म्हणते वैजयंती. तुमी रागावू नका त्याले." म्हणजे तुमची बाजूसुद्धा त्या भिंतीशी मांडून झाली.

शेजारच्या ललिताबाई आधी मला म्हणाल्या, "म्हातारीचं डोस्कं फिरलं काय वं?" आणि आज त्याच ललिताबाई नारळ घेऊन आल्या. भिंतीला हळदकुंकू लावायचं म्हणे. मी दारातूनच परत पाठवलं. उद्या दहा जणी येतील, मग कोणाकोणाला पाठवू? मी पोहरादेवीला अनवाणी जाणारी बाई आहे. देव कशाला म्हणतात ते मला कळतं. डब्यातून निघतो त्याला देव म्हणत नाहीत.

तुमच्या दादांनी खुरपं घेतलं. आत्याबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "जगदेव, माया मालकाले लोखंड लावशीन तं पह्यले मले लाव." दादांनी खुरपं खाली ठेवलं आणि मळ्यात निघून गेले.

मला राग कशाचा आहे, आता ऐका. जे राहायला हवं होतं ते तुम्ही चित्रातून पुसलंत, आणि जे पुसायचं होतं ते पक्कं करून ठेवलंत. आम्ही दरसाल झाकतो ते अडाणीपणानं झाकतो असं वाटलं तुम्हाला? गेलेल्याला आपल्या हातानं झाकावं लागतं, तेव्हा बाई पुढच्या वर्षाची माणसं काढायला मोकळी होते. आत्याबाई यंदा कोणालाच काढणार नाही म्हणतात. जुना असताना नवा काढत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रियदर्शनी नाही, दादा नाहीत, तुम्ही नाही, मी नाही. पंचमीच्या दिवशी त्या भिंतीवर एकटा मेलेला माणूस राहणार.

पंचमी मंगळवारी, २९ तारखेला आहे. त्या दिवशी आपल्यात खणत नाहीत, खरडत नाहीत, हे विसरला नसाल. तेव्हा त्याच्या आत या. येताना त्या जाणकारांना आणू नका. आईसमोर बसा आणि सांगा की बाबा गेले, आणि हे जे चमकतंय ते तुम्ही बाजारातून विकत आणलेलं आहे. माझं त्या ऐकत नाहीत, दादांचं ऐकत नाहीत. ज्यानं लावलं त्यानं सांगितलं तरच ऐकतील. मग तुमच्याच हातानं खरडा. मी शेणमाती कालवून ठेवते.

मीच का खरडत नाही, असं तुम्ही विचाराल. ते लिहायचं नव्हतं. काल संध्याकाळी ओसरीत दिवा ठेवायला गेले. आत्याबाई आत होत्या, कोणी नव्हतं. दिवा ठेवून उठले आणि पाहते तो माझा हात डोक्याकडे गेलेला. मामाजी असताना त्यांच्यासमोरून जायचे तशी मी डोक्यावरून पदर घेतला होता. वॉर्निशसमोर! भाऊजी, मला माझीच भीती वाटली. मी खुरपं उचललं तर माझा हात अर्ध्यावर थांबेल. तुमचा थांबायला नको. डब्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्यावाचून अडलेली,
वैजयंती वहिनी